फ्लेक्सवरचा मुलगा

गेल्या महिन्यात दुकान उघडायला निघालो होतो. खडेबाजाराच्या कोपऱ्यावर आलो आणि सायकलवरून उतरलोच. समोर भला मोठा फ्लेक्स लागला होता आणि त्यावर आमच्याच घरातला मुलगा! हातात हॉकी स्टिक, चेहऱ्यावर फोटोग्राफरने सांगून आणलेलं हसू, खाली लाल अक्षरांत ‘भावी ऑलिंपियन’ आणि त्याखाली ‘बंडू पाटलांचा वारसदार’. दोन्ही बाजूंना शुभेच्छुकांचे फोटो इतके की उत्सवमूर्ती कोण, हे क्षणभर शोधावं लागत होतं.

हा माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. आपल्याच शाळेत नववीत आहे, त्यामुळे या वार्तापत्राच्या वाचकांना त्याचं नाव ठाऊक असेलच. ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. पंधरा वर्षांच्या पोराचं नाव या महिन्यात पुष्कळ छापून झालंय. जिल्ह्याच्या सामन्यांत त्याने गोलांचा पाऊस पाडला, राज्याच्या निवड चाचणीत नाव लागलं आणि सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा मिळाल्याचं पत्र आलं. वार्तापत्राच्या संपादकबाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, “तुम्ही स्वतः खेळाडू. पुतण्या पुढे चमकणार का, यावर चार शब्द लिहा.” त्यांना कौतुकाचे चार शब्द हवे असणार. पण त्याच रात्री जेवणं झाल्यावर भावाने तोच प्रश्न वेगळ्या आवाजात विचारला. “दादा, पाठवूया काय नको? तू सांगशील तसं करतो.” आणि भावजय आतून म्हणाली, “भाऊजी, पोरगं चांगलं खेळतंय, खरं दहावीचं काय?”

म्हणजे मी जे सांगेन, त्यावर एका मुलाची पुढची काही वर्षं ठरणार. फ्लेक्स लावणाऱ्यांना हा त्रास नसतो.

आधी बंडू पाटलांविषयी. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताने अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० असं हरवून सुवर्णपदक घेतलं. त्या संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटील होते. आम्ही मुलं असताना कॅम्पातले जुने लोक त्यांच्याबद्दल बोलायला लागले की खेळ थांबवून ऐकत बसायचो. एकाच गावातला, आपल्याच मातीत पडलेला, आपल्यासारखंच बोलणारा माणूस ऑलिंपिकचं सोनं घेऊन येतो, ही गोष्ट मुलाच्या डोक्यात शिरली की सहजी निघत नाही. माझ्याही डोक्यात ती बरीच वर्षं होती. मात्र त्यांचा वारसदार ठरवण्याचा अधिकार फ्लेक्स छापणाऱ्याला कुणी दिला, हे कळत नाही.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

चौदाव्या वर्षी मला मिसरूड फुटलं होतं. वर्गातली बाकीची मुलं माझ्या खांद्याला लागत. मैदानावर मी धावायला लागलो की समोरची पोरं बाजूलाच होत. त्यात आमचं मैदान मातीचं, खडे आणि चरे असलेलं. अशा जमिनीवर बॉल कुठे उसळेल याचा नेम नसतो. मला मात्र तो उसळणारा बॉल स्टिकवर झेलून दाबायची विद्या साधली होती. लोक म्हणत, याच्या स्टिकला डिंक लावलाय. १९८३ मध्ये वर्तमानपत्रात माझं नाव आलं तेव्हा आज्जीने ते कात्रण देव्हाऱ्यात ठेवलं. तिच्या लेखी काम झालं होतं, उरलं होतं फक्त विमानात बसणं.

पुढे काय झालं? वाईट काहीच झालं नाही. पाय मोडला नाही, कुणी डाव साधला नाही. सतराव्या वर्षी बाकीची मुलं माझ्याएवढी झाली. अठराव्या वर्षी काहीजण माझ्यापेक्षा उंच झाले. शिवाय ती मुलं इतकी वर्षं लहान राहिल्यामुळे डोकं वापरून खेळायला शिकली होती. मला ती गरजच पडली नव्हती. बाविसाव्या वर्षी परगावच्या एका स्पर्धेत पहिल्यांदा टर्फवर उभा राहिलो. बॉल काचेवरून घसरावा तसा आला आणि मी स्टिक खाली टेकवेपर्यंत पलीकडे गेलासुद्धा. उसळणारा बॉल दाबायची माझी सगळी विद्या त्या हिरव्या गालिच्यावर निरुपयोगी होती. तिथे बॉल उसळतच नव्हता. परत येताना गाडीत मी कुणाशी बोललो नाही. त्यानंतर वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसायला लागलो, तो अजून बसतोय.

हे माझ्या एकट्याचं नव्हतं म्हणा. ऑलिंपिकमध्ये हॉकी टर्फवर गेली ती १९७६ साली, मॉन्ट्रियलला. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पदक आणणारा भारत तिथे सातवा आला. देशाचं जे झालं, तेच आमच्यासारख्या गावोगावच्या पोरांचं दहा-दहा वर्षं उशिरा होत राहिलं.

सांगायचा मुद्दा असा की, लहानपणी जे मोजलं जातं आणि मोठेपणी जे मागितलं जातं, ते एकच असेल असं नाही. पुतण्याच्या गोलांची संख्या ऐकून मला आधी आनंद झाला आणि लगेच कल्याणचा प्रणव धनावडे आठवला. जानेवारी २०१६ मध्ये या शाळकरी मुलाने एका डावात नाबाद १००९ धावा काढल्या होत्या. रिक्षाचालकाचा मुलगा, चार अंकी धावसंख्या करणारा जगातला पहिला फलंदाज. देशभर नाव झालं, संघटनेने दरमहा १० हजारांची शिष्यवृत्ती दिली. त्या गडबडीत फार थोड्यांनी पाहिलं की समोरची शाळा पहिल्या डावात अवघ्या ३१ धावांत बाद झाली होती. त्या मुलाचा यात काडीचा दोष नाही, त्याने आपलं काम केलं. पण १००९ हा आकडा जेवढा त्याच्याबद्दल सांगत होता, तेवढाच समोरच्या गोलंदाजांबद्दलही सांगत होता. २०१७ मध्ये मुलाच्या बॅटमधून धावा येईनात, तेव्हा त्याच्या वडिलांनी आपण होऊन ती शिष्यवृत्ती बंद करायला सांगितलं. मला त्या हजार धावांपेक्षा हे पत्र मोठं वाटतं.

भावाला म्हटलं, आठ दिवस दे. उत्तर देण्याआधी मला पोरगं नीट बघू दे.

मग पाच-सहा दिवस पहाटे टिळकवाडीत लेले मैदानावर जाऊन बसलो. त्याला सांगितलं नाही, शेडच्या मागे बसायचो. गोल मोजायचे नाहीत, असं ठरवलं होतं. बघायचं होतं ते एवढंच की बॉल गेल्यावर हा काय करतो. पहिल्या दिवशी दिसलं की बॉल गेला की तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि पास देणाऱ्याकडे बघतो. हे मला फार ओळखीचं होतं. हुबेहूब मी. चौथ्या दिवशी मात्र एक गंमत झाली. सरांनी त्याला सांगितलं की आज तू उजवीकडून मारायचंच नाहीस, सगळं रिव्हर्सने. पाऊण तास तो चुकत होता, पोरं हसत होती. सराव संपला, सगळे स्टँडवरच्या सायकली काढायला गेले आणि हा परत मैदानात जाऊन एकटा भिंतीवर बॉल मारत राहिला. पुरा अर्धा तास. कुणी बघत नव्हतं. म्हणजे माझ्याखेरीज कुणी नव्हतं.

त्या अर्ध्या तासाला मी त्याच्या सगळ्या गोलांपेक्षा जास्त गुण दिले.

त्याच मैदानावर मला आणखी एक मुलगा दिसला. त्याचं नाव ना पेपरात आलं ना फ्लेक्सवर. आपल्याच शाळेतला, राइट हाफला खेळणारा, इतका बारीक की शर्टात हरवलेला. पुतण्याच्या पायाशी येणारे निम्मे बॉल या पोराने काढून दिलेले असतात. बॉल यायच्या आधी तो मान वळवून मागे बघून घेतो. हे कुणी शिकवून येत नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की वडिलांची इस्त्रीची गाडी आहे आणि मुलाचा जन्म नोव्हेंबरचा आहे.

नोव्हेंबर म्हणताच माझी ट्यूब पेटली, कारण पुतण्या जानेवारीचा. वयोगट धरताना सहसा १ जानेवारी ही तारीख धरतात. म्हणजे कागदावर दोघे एका वयाचे, प्रत्यक्षात एकजण दहा महिन्यांनी मोठा. चौदा-पंधराव्या वर्षी दहा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि पाच-सात किलो वजन. माझी मुलगी कॅनडात असते. तिथे बर्फावरची हॉकी म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. तिने मागे मला सांगितलं होतं की रॉजर बार्न्सली नावाच्या तिथल्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात ज्युनियर खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तर त्यात जानेवारी-फेब्रुवारीचीच मुलं जास्त. हे आधी लक्षात आलं ते त्यांच्या बायकोच्या, सामन्याची माहितीपत्रिका चाळता चाळता! मोठी मुलं निवडली जातात, निवडली म्हणून त्यांना जास्त सराव मिळतो, सरावामुळे ती खरंच चांगली होतात आणि मग सगळे म्हणतात, बघा, आमची निवड बरोबर होती.

तिनेच आणखी एक किस्सा सांगितला. १९९३ मध्ये तिथे अलेक्झांडर डेग हा ज्युनियर खेळाडू सगळ्यांत आधी निवडला गेला. असा खेळाडू पिढीत एकदाच होतो, असा गाजावाजा आणि हातात कोट्यवधींचा करार. तो तेव्हा म्हणाला होता की दुसऱ्या क्रमांकावर कोण आला हे कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या क्रमांकावर ख्रिस प्रोंगर होता. पुढे दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं, स्टॅनली कप आणि हॉकीच्या मानाच्या दालनात जागा, सगळं त्या दुसऱ्याने मिळवलं. पहिला अगदीच वाया गेला असं नाही, सहाशेहून जास्त सामने खेळला. पण ज्याच्यासाठी ढोल वाजले होते, तो खेळाडू तो कधीच झाला नाही.

एवढं लांब जायला नको. २०१६ मध्ये लखनौला आपल्या मुलांनी बेल्जियमला २-१ ने हरवून ज्युनियर विश्वचषक जिंकला. कर्णधार हरजीत सिंग. ट्रकचालकाचा मुलगा, घरची ओढाताण, आणि हातात विश्वचषक. २०१८ मध्ये त्याच्यावर पंजाबी चित्रपटसुद्धा निघाला. म्हणजे कारकीर्द व्हायच्या आधी चित्रपट झाला! वरिष्ठ संघातून तो थोडेफार सामने खेळला, ऑलिंपिकला मात्र कधी गेला नाही. त्याच संघातले सातजण टोकियोला गेले आणि २०२१ मध्ये ४१ वर्षांनी भारताला हॉकीचं पदक मिळालं, त्यात त्यांचा वाटा होता. त्यातला हरमनप्रीत सिंग पुढे पॅरिसला कर्णधार होता, दहा गोल केले आणि पुन्हा कांस्य आणलं. सिमरनजीत सिंग तर टोकियोसाठी निवडलेल्या पहिल्या सोळांत नव्हता, राखीव होता. त्या वर्षी नियम सैल करून राखीव खेळाडूंनाही खेळू दिलं आणि जर्मनीविरुद्धच्या ५-४ च्या सामन्यात दोन गोल याचे.

अठरापैकी सात हे प्रमाण खूपच चांगलं आहे बरं का. इतकं दर वेळी होत नाही. आणि तरीही त्या जगज्जेत्या अठरांतले अकराजण त्या विमानात नव्हते, त्यांत कर्णधारही होता. लखनौच्या त्या रात्री कुणाला विचारलं असतं की यांतले सात कोणते, तर बरोबर उत्तर कुणी दिलं असतं असं मला वाटत नाही. मग नववीतल्या मुलाबद्दल मी कोण सांगणार?

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर भावजय म्हणेल की भाऊजींनी पोराचे पंखच कापले. पुण्याजवळच्या खडकीत दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत एक मुलगा मोडक्या स्टिका दोरीने बांधून खेळायचा. त्याच्यासाठी कुणी फ्लेक्स लावला नव्हता. धनराज पिल्ले पुढे चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. पण त्याची गोष्ट सांगताना लोक मोडकी स्टिक तेवढी सांगतात. थोरला भाऊ रमेश मुंबईत आधीच हॉकी खेळत होता, त्याने धाकट्याला तिकडे नेलं, मोठ्या कंपनीच्या संघात जागा मिळाली, हे कुणी सांगत नाही. अठरा ते बावीस या वयात मुलाला जेवायला घालणारं कुणीतरी लागतं. आपल्याकडे हॉकीत व्यावसायिक म्हणजे काय? २०२४ च्या लिलावात हरमनप्रीतला ७८ लाख मिळाले, ते सगळ्यांनी वाचलं. पण ती लीग २०१७ नंतर सात वर्षं बंद होती, हे विसरलं जातं. त्या सात वर्षांत जे पोरगं अठराचं पंचवीस झालं, त्याने काय करायचं होतं? बहुतेकांसाठी व्यवसाय म्हणजे रेल्वे, तेल कंपन्या, सैन्य, पोलीस यांतली खेळाडू कोट्यातली नोकरी. ती मिळाली तर खेळ चालू राहतो. नाही मिळाली तर दुकान असतं. ज्याचं दुकानही नाही त्याचं काय, हा प्रश्न मला त्या इस्त्रीवाल्याच्या पोराकडे बघून पडला.

आठव्या दिवशी भावाकडे गेलो. म्हटलं, पाठव. तो ऑलिंपिकला जाईल म्हणून नव्हे, त्याबद्दल मला काही सांगता येत नाही. भिंतीवर अर्धा तास बॉल मारणाऱ्या मुलाला चांगली भिंत मिळायला हवी म्हणून पाठव. वसतिगृहात टर्फ आहे, रोजचं दूध-अंडी आहे, आणि तिथे कोडगूची पोरं असतील. ज्यांच्या घराघरांत हॉकी आहे आणि ज्यांच्यासमोर हा रांगेतला एक असेल, अशी पोरं. ते त्याला आत्ताच कळलेलं बरं. मला बाविसाव्या वर्षी कळलं. दहावीची परीक्षा मात्र तिथूनच देईल, यात सूट नाही. तीन वर्षांनी आपण पुन्हा बसून बोलू आणि तेव्हा तो परत येतो म्हणाला तर ‘हरून आला’ असं या घरात कुणी म्हणायचं नाही. भाऊ गप्प होता. भावजय म्हणाली, “आणि त्या फ्लेक्सचं?” म्हटलं, ते माझ्यावर सोड.

फ्लेक्स काढायला सांगणं हे मुलाला पाठवण्यापेक्षा अवघड निघालं. शुभेच्छुकांपैकी दोघे रुसले. एकजण म्हणाला, “काका, पोराचं कौतुक बघवत नाही काय तुम्हाला?” यावर मी काय बोलणार? शेवटी गणपत गल्लीतल्या एका साड्यांच्या सेलला ती जागा हवी होती, म्हणून तो निघाला.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आम्ही त्याला बेंगळुरूला सोडून आलो. पंधरा दिवसांनी दुकानात फोन आला. आवाज पडलेला.

“काका, मला सेंटर फॉरवर्डवरनं काढून लेफ्ट हाफला घातलंय.”

“मग?”

“आवडंना झालंय. गोलच मारायला मिळंना.”

“बरं. बॉल तुझ्या डाव्या अंगाला आला की काय करतोस?”

“स्टिक घालतोय.”

“आधी पाय ने, मग स्टिक घाल. आणि बॉल यायच्या आधी एकदा मागं वळून बघ.”

“ते आपल्या राइट हाफवाल्यासारखं?”

“होय, तसंच.”

फोन ठेवला तेव्हा तो राइट हाफवालाच दुकानाच्या पायरीवर बसला होता. पुढच्या चाचणीचा अर्ज भरायला त्याला मीच बोलावलं होतं. वडिलांनी इस्त्रीची गाडी सोडून यायला जमणार नाही म्हणून सही करून कागद पाठवला होता. हातातल्या स्टिकची ग्रिप पार सुटली होती. मी गल्ल्याखालून कापडी पट्टी काढून दिली. त्याने ती बोटांनी चोळून बघितली आणि परत केली. म्हणाला, “ही नको आजोबा, घाम आला की फिरतीय.” बरोबर होतं त्याचं. शेजारच्याला दुकानावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि दोघे कॅम्पात ग्रिप आणायला गेलो.